पांढुर्ण्यात कोणी राहत नाही

सुखदेव सोमकुवरचं दुकान माझ्या दुकानाला लागून होतं, आणि ही माझ्या आयुष्यातली कायमची कटकट होती. मी उत्तम, रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करणारा. माझं काम बारीक, हात स्थिर लागतो, उजेड लख्ख लागतो. सुखदेवनं शेजारी त्याचं मशीन सुरू केलं की माझा बल्ब पिवळा पडायचा आणि सोल्डरिंग गार व्हायचं. मी रागानं भिंतीवर हातोडी ठोकायचो. तो पलीकडून मोठ्यानं "जय भीम, उत्तमभाऊ" म्हणायचा. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

मशीन म्हणजे कॉम्प्युटर. साल अठ्ठ्याऐंशी. सौसरपासून पांढुर्ण्यापर्यंत खासगी कॉम्प्युटर हा एकच, असं सुखदेव सांगायचा, आणि ते खोटं ठरवायला दुसरा कोणी कॉम्प्युटरवाला नव्हता. नागपुरात कोर्स करून तो परतला, तेव्हा तिथल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातलं हे धूड टेम्पोत, संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांच्या मधोमध बसवून घेऊन आला. त्याचा बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहणारा. त्यानं धुडाला चारी बाजूंनी चक्कर मारली आणि विचारलं, "याच्यात कापूस कुठून टाकाचा?"

सुखदेव अंगानं काडी. बोलणं चुरूचुरू. माणसांना तो सरसकट "अबे" म्हणायचा, पण मशीनला "साहेब". "साहेब, उठा. साहेब, आज मूड नाही का?" असं सकाळी त्याचं चाललेलं असायचं. नागपुरात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जातात, म्हणून त्यानं इथंही चपला काढायला लावल्या. नागपूरच्या खोलीत एसी होता, इथं पत्र्याखाली घामाच्या धारा, पण चपला बाहेर म्हणजे बाहेर. विहारात चपला काढायला कुरकुर करणारी माणसं इथं मुकाट्यानं काढायची. मशीनचा दरारा वेगळाच.

दराऱ्यानं पोट भरत नाही. संत्रा व्यापाऱ्यांची बिलं छापण्यापलीकडे काम मिळेना. मग त्याच्या डोक्यात एक कल्पना शिरली. आमच्यात पत्रिका पाहत नाहीत. ग्रह सुटले, पण माणसाला पाहायला काहीतरी लागतंच, म्हणून बाकी सगळं आम्ही दुपटीनं पाहतो. उंची, रंग, नोकरी, मामाची नोकरी, आत्याचा स्वभाव. दिवाळीनंतर विहारात वधू-वर परिचय मेळावा झाला, तेव्हा सुखदेव टेबल मांडून बसला. सौसर, मोहगाव, रामाकोना, कुठून कुठून लोक आलेले. प्रत्येकाला त्यानं नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी, दारू पिता का ते विचारलं, आणि राहण्याचं गाव. सांगितलेलं सगळं नंतर मशीनमध्ये भरलं. आता अट सांगायची, बटण दाबायचं, त्या अटीत बसणारी मुलं एकाखाली एक हजर. अटीत कोणीच बसत नसेल तर साहेब काही बोलायचे नाहीत. काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका यायचा नि लुकलुकत बसायचा. बस.

या ठिपक्यानं पुढे गावभर आग लावली.

चंद्रकला गजभिये नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. वर्ग असा गप्प ठेवायची की शेजारच्या वर्गातली मुलंही गप्प बसायची. घरात ती आणि तिची आई यमुनाबाई, दोघीच. यमुनाबाईंना दमा. थंडी पडली की रात्र रात्र बसून काढायच्या, आणि पाठ चोळायला चंद्रकला. नगरपालिकेची नोकरी बदलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. पांढुर्णा सोडलं की नोकरीही गेली आणि आईही एकटी पडली. म्हणून चंद्रकलेची अट एकच होती, नवरा पांढुर्ण्यात राहणारा पाहिजे. काळा चालेल, बुटका चालेल, पांढुर्ण्याचा पाहिजे.

तिच्या मामाला, दादारावला, हे पटत नव्हतं. मामा सौसरला सरकारी खात्यात बाबू. त्यानं भिलाईचं एक स्थळ जवळजवळ पक्कं करून ठेवलं होतं. रविवारी भिलाईवाले पाहायला येणार होते, आणि पाहायला म्हणजे नारळ फोडायलाच. चंद्रकला म्हणाली, मी जाणार नाही. मामा म्हणाला, पांढुर्ण्यात पोरगा आहेच कुठं? वाद शिगेला पोचला तेव्हा यमुनाबाई धापा टाकत म्हणाल्या, "त्या सुखदेवच्या मशीनले विचारा ना एकदाचं."

मामाला ते एकदम मान्य. "मानूस खोटं बोलन, मशीन नाही बोलत. मशीननं पांढुर्ण्यातला एक जरी पोरगा दाखवला, तं मी भिलाईवाल्याइले नाही सांगतो. नाही दाखवला, तं चंद्रकले, तू चूपचाप उभी राहाचं."

बुधवारी शाळा सुटल्यावर तिघं चपला काढून सुखदेवच्या दुकानात शिरले. मीही गेलो. माझं सोल्डरिंग तसंही गार झालं होतं.

मामानं अटी सांगितल्या. पगारी नोकरी, ग्रॅज्युएट, उंच. यमुनाबाई म्हणाल्या, दारू पिणारा नको. चंद्रकला म्हणाली, राहणार पांढुर्णा. सुखदेवनं सगळं टाकलं आणि बटण दाबलं. साहेब थोडा वेळ घरघरले. ठिपका.

"अटी जास्त होऊन राहिल्या," सुखदेव म्हणाला. "एक एक काढून पाहू. कोनती अडवते ते समजन."

उंची काढली. मामाचं तोंड वाकडं झालं. ठिपका. ग्रॅज्युएट काढलं. मामा म्हणाला, "मंग अंगठेबहाद्दर आणता का?" ठिपका. पगारी नोकरी काढली, तर मामा उठूनच उभा राहिला, त्याला धरून बसवावं लागलं. ठिपका. दारूची अट काढायला यमुनाबाई तयार होईनात. सुखदेवनं त्यांना समजावलं की दारू पिता का, या प्रश्नाला सगळ्याच मुलांनी नाही म्हटलेलं आहे, त्यामुळे ती अट ठेवली काय आणि काढली काय, सारखंच. शेवटी ती पण काढली. राहिली एकच अट, पांढुर्णा.

ठिपका.

मी म्हटलं, "अबे, स्पेलिंग पाय तुझं. पांढुर्णा इंग्रजीत दहा जण दहा तऱ्हेनं लिहितेत." सुखदेवनं नुसती पहिली चार अक्षरं टाकून पाहिलं. ठिपका. मग त्यानं उलटं केलं. पांढुर्णा काढून टाकलं आणि मामाच्या सगळ्या अटी परत घातल्या. लगेच नावं धडधड खाली यायला लागली. म्हणजे साहेब ठणठणीत होते. अडवत होतं ते फक्त आमचं गाव.

"झालं?" मामानं हात झटकले. "पांढुर्ण्यात एकही कुँवारा पोरगा राहत नाही. मी नाही म्हणून राहिलो, मशीन म्हणून राहिली. चाल चंद्रकले, रविवारची तयारी कर."

 चंद्रकलेनं दारात चपला घातल्या. मग तिनं मागं वळून सुखदेवकडे पाहिलं आणि म्हणाली, "रोज शाळेत जातो तं नाक्यावर दहा-वीस टवाळ उभे असतेत. ते काय सावल्या आहेत का? तुमच्या मशीनपायी माझी माय एकटी पडन, लक्षात ठेवा." सुखदेवचा चेहरा बुक्की खाल्ल्यासारखा झाला. मशीनला त्यानं त्या दिवशी साहेब म्हटलं नाही.

बातमी पसरायला पांढुर्ण्यात वेळ लागत नाही. गुरुवारी सकाळपर्यंत सगळ्या वॉर्डांत झालं होतं की सुखदेवच्या कॉम्प्युटरनं सांगितलं, पांढुर्ण्यात लग्नाचा मुलगाच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर होणाऱ्या गोटमारीत दगड झेलायची आम्हाला सवय आहे, पण हा ठिपका फार लागला. पोरांना काही वाटलं नाही, त्यांच्या आयांना वाटलं. दुपारी सुशीलाबाई डोंगरे आपल्या पोराला मनगटाला धरून ओढत घेऊन आल्या. त्यांच्या मागं आणखी चारदोन आया, आपापले नमुने घेऊन. सुशीलाबाईंनी चपला काढल्या नाहीत. यावरून राग किती होता ते कळावं.

"हा पाय," त्यांनी पोराला पुढं ढकललं. "सहा फूट वाढला. रोज दीड डझन पोळ्या खाते. हा तुह्या मशीनले दिसत नाही? हा काय हवेत राहते?"

माझ्या दुकानात कान देऊन बसलेला मी, हातातलं घड्याळ उघडंच टाकून आलो. शाळेची मधली सुट्टी होती, चंद्रकलाही आली होती. भांडायलाच आली असावी, पण सुशीलाबाईंनी तिची जागा आधीच घेतली होती. ती बाजूला उभी राहून ऐकत होती. मग वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "थांबा. सुखदेवभाऊ, याचं नाव मशीनमदे आहे ना? सगळ्याइले नका धुंडू. फक्त यालेच काढा. आपल्याले हा माहीत आहे, मशीनले काय माहीत आहे ते पाहू."

सुखदेवनं नुसतं त्या पोराचं नाव टाकलं. लगेच एक ओळ आली. नाव बरोबर, वय बरोबर, दारू नाही. राहण्याचं गाव, मोहगाव.

सगळे पडद्याकडे आणि मग सुशीलाबाईंकडे पाहायला लागले.

"मंग?" सुशीलाबाई म्हणाल्या. "बरोबर तं आहे. मोहगावचेच आहो आम्ही."

"राहता कुठं पण?" सुखदेवचा आवाज चिरकला.

"राहतो इथंच, संतरा मार्केटच्या मागं. आजच राहून राहिलो का? याचा बाप बी इथंच जन्मला."

"मंग मी राहन्याचं गाव विचारलं, तं मोहगाव काऊन सांगितलं?"

सुशीलाबाईंनी त्याच्याकडे, वेड्या माणसाकडे पाहावं तसं, कीव करून पाहिलं. "सोयरीक जमवतानी मूळ गाव सांगाव लागते बाप्पा. पोरीवाले चौकशीले तिथंच जातेत. इथलं सांगितलं तं लोक म्हणतीन, यायले गाव ना शीव, आले कुठूनबी. राहन्याचं काय, राहते मानूस कुठंबी."

मागच्या आयांनी माना डोलावल्या. त्यात काय सांगायचं, असा त्यांचा आविर्भाव होता. आणि खरंच होतं ते. आमच्यापैकी कोणाचा आजा जिनिंगच्या कामाला आला, कोणाचा रेल्वेच्या, कोणाचा संत्र्याच्या पेट्या भरायला. पांढुर्ण्यात घरं बांधली, मुलं झाली, नातवंडं झाली, पण पांढुर्ण्यात राहणं ही गोष्ट दोन पिढ्यांनंतरही तात्पुरतीच. जे खरोखर मूळचे इथले, त्यांची लग्नं सोयऱ्यांतच जमत, ते मेळाव्याकडे फिरकले नव्हते. त्यामुळे मशीनमध्ये मोहगाव होतं, रामाकोना होतं, वरुड, नरखेड, काटोल होतं. पांढुर्णा नव्हतं. साहेबांनी सांगितलं ते अक्षरशः खरं होतं, आणि साफ चूक होतं.

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अबे सुखदेव, तुझं नाव टाकलं होतं ना? तपासाले म्हणून?" मेळाव्याच्या आधी मशीन नीट चालतं का ते पाहायला त्यानं पहिली माहिती स्वतःचीच भरली होती, हे मला माहीत होतं. "काढ पाहू तुझी ओळ."

तो नको नको म्हणत होता. सुशीलाबाईंनी दरडावलं तेव्हा काढली. सुखदेव सोमकुवर, राहण्याचं गाव रामाकोना.

"कवा गेल्ता रामाकोन्याले?" मी विचारलं.

"गेल्तो ना," तो खाली मान घालून म्हणाला. "बस थांबली होती एकदा. उतरलो नाही."

चंद्रकला हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. पाठोपाठ आया हसल्या, पोरं हसली, आणि सुशीलाबाईंनी बाहेर जाऊन चपला काढून ठेवल्या.

पण चूक सापडणं निराळं आणि दुरुस्त होणं निराळं. रविवार तोंडावर आला होता. प्रत्येकाला परत विचारायचं, तर परत तेच उत्तर येणार. राहता कुठं, तर मोहगावचे आहो. घर कुठं, तर घर रामाकोन्याले. प्रश्नच बदलायला हवा होता. सुखदेव डोकं खाजवत बसला. शेवटी म्हणाला, "उत्तमभाऊ, मानूस गाव कोनतंबी सांगन, पानी तं जिथं राहते तिथंच भरन." झालं. दोन सायकली काढल्या. त्याची आणि माझी. दुकानं बंद. दारोदार जाऊन आम्ही एकच विचारत सुटलो, सकाळचं पाणी कुठं भरता? या प्रश्नाला कोणीही रामाकोन्याची विहीर सांगितली नाही. उलट नळाच्या तक्रारी इतक्या ऐकाव्या लागल्या की लोक आम्हाला नगरपालिकेचे समजून शिव्या द्यायला लागले. सावरगावच्या बाजूला एका म्हातारीनं तर आमच्या हातात पाण्याची रिकामी गुंडीच दिली.

शनिवारी दुपारी दादारावमामा सौसरहून आला, तो भिलाईवाल्यांसाठी मिठाईचा डबा घेऊनच. यमुनाबाई, चंद्रकला, मामा, मी, सगळे मशीनसमोर. सुखदेवनं नव्यानं भरलेल्या माहितीवर एकच अट टाकली. पांढुर्णा. बटण दाबलं. घरघर झाली आणि हिरवी नावं एकाखाली एक उतरायला लागली. यमुनाबाईंनी पदरानं डोळे पुसले. 

सुखदेव नावं मोठ्यानं वाचायला लागला. प्रत्येक नावावर मामाची काही ना काही तक्रार. हा फार काळा, तो फार बोलतो, याचा बाप भांडखोर. चंद्रकला ऐकत नव्हती. ती पडद्याकडे पाहत होती.

"तिसरं नाव काऊन गाळलं?" तिनं विचारलं.

सुखदेवच्या कानापर्यंत रंग चढला. "ते... ते तपासाले टाकलं होतं. मशीन बरोबर चालते का म्हणून. ते धराचं नाही."

"लगन झालं का त्याचं?"

"नाही."

"मशीन तं म्हणते, तो पांढुर्ण्यात राहते."

"राहते," सुखदेव म्हणाला. "पन तो मास्तरनीच्या लायक नाही. त्याच्या दुकानाचं आज आहे तं उद्या नाही."

"लायकीचा रकाना आहे का मशीनमदे?"

"नाही."

"मंग तो मी पाहीन," चंद्रकला म्हणाली. "माझं एकच विचारनं आहे. नुसता पांढुर्ण्यात राहून भागत नाही. मी सासरी गेली, गल्लीपलीकडे का असेना, तं रात्री मायची पाठ कोन चोळन? माझ्या घरी, मायसंग येऊन राहीन का तो?"

 मला वाटलं होतं, तो काहीतरी चुरूचुरू बोलेल. पण सुखदेव उभा राहिला आणि यमुनाबाईंकडे पाहून म्हणाला, "राहीन." एवढंच.

मामा ताडकन उठला. "घरजावई? समाजात नाक राहीन का आपलं? लोक काय म्हणतीन?"

"लोक माहा दमा घेतेत का वाटून?" यमुनाबाई म्हणाल्या. इतकं बोलतानाही त्यांना धाप लागली, पण त्या थांबल्या नाहीत. "दादाराव, तू शब्द देल्ता. मशीननं एक जरी दाखवला तं. दाखवला ना? बस मंग खाली. आनि तो डबा आन इकडे."

डबा फुटला. पेढे होते, सौसरचे, थोडे आंबट झालेले. मामानंही शेवटी दोन खाल्ले.

लग्न विहारात झालं, माघात. पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील, हार, आणि अर्ध्या तासात मोकळे. मी बाहेर लाउडस्पीकर सांभाळत होतो. पंगत उठली आणि पाठवणीची वेळ झाली. बाया चंद्रकलेला गराडा घालून रडायला तयार होऊन उभ्या राहिल्या, पदर डोळ्यांपर्यंत नेले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ही तर कुठं जातच नाही. पदर तसेच धरून बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. जाणारा होता सुखदेव. त्याची आई पुढं आली, पोराच्या गळ्यात पडली आणि अशी हंबरडा फोडून रडली की सुखदेवलाही आवरेना. त्याचा बाप रुमालात नाक शिंकरत होता. थोरली भावजय म्हणत होती, "भाऊजी, सांभाळून राहा बाप्पा, उलटून बोलू नका." सगळं अंतर पाच मिनिटांचं, पण रडणं पार भिलाईपर्यंतचं.

चंद्रकला हार सावरत वाट पाहत होती. सोमवारी तिची शाळा होती, आणि रात्री आईची पाठ. शेवटी ती पुढं झाली, सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "रडू नका, आई. हे चांगले वागले तं दर शनिवारी धाडत जाईन यायले माहेरी."